फ्रिज शेजारी, पंखा माळ्यावर

आमच्या घराण्यात एक शहाणपण पिढीजात चालत आलंय. सरकारी माणूस हातात कागद घेऊन गल्लीत शिरला, की घरातली चांगली वस्तू आधी आत ओढायची. दारिद्र्यरेषेच्या सर्व्हेच्या वेळी माझ्या आईने एडवणच्या घरात नवीकोरी शिलाई मशीन सुकटीच्या टोपल्यांखाली लपवली होती, आणि सर्व्हेला आलेल्या गुरुजींनी नेमकी त्याच टोपलीतली सुकट विकत मागितली. त्यातून मी काही शिकले असते, तर आज हे लिहायला बसले नसते.

मी कुंभवलीत राहते. माहेर एडवणचं, होड्यावाल्यांचं. नवरा इथल्या कारखान्यात ऑपरेटर, आठवड्याला पाळी बदलणारा. मी कामगारांना डबे देते, रोजचे तीस-पस्तीस. आम्हाला मूल नाही. त्यावर बोलून बोलून लोक थकले, आम्हीही थकलो. माझं तोंड फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे तो त्रास दुसऱ्या कुणाला नको.

माझी धाकटी बहीण शिमग्यानंतर काविळीने गेली. तिचा नवरा त्याच्या कितीतरी आधी, पोर दोन वर्षांची असतानाच गेला होता. मागे राहिली ती नऊ वर्षांची पोर. बाराव्याला सगळे नातेवाईक ओटीवर बसले होते. तोवर पाण्याच्या मोटरपासून ते बोईसरच्या जागांच्या भावापर्यंत सगळं बोलून झालं होतं. पोरीचा विषय निघाला आणि एकेकाला पान लावायचं सुचलं. मी उठले, तिचा हात धरला नि म्हटलं, "चल बाय, माझ्याकडं." नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. तो रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाला, "शाळेचं काय करायचं?" त्या एका प्रश्नावर मी त्याच्या सतरा चुका माफ केल्यात. अठरावी पुढे येतेच आहे.

पोर फार गुणी निघाली. आल्या दिवसापासून स्वतःचं ताट स्वतः घासायची. दुसरी भाकरी हवी असली तर आधी विचारायची, "मावशी, घेऊ?" हट्ट नाही, रडणं नाही, भांडण नाही. मी गल्लीभर सांगत सुटले, "आमची पोर बघा! नाहीतर तुमची कार्टी!" लोकही मान डोलवायचे. नऊ वर्षांचं पोर भांडत नाही, हट्ट करत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी अक्कल मला कुठली असायला!

योजनेचं तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. आईबाप नसलेलं मूल नातेवाइकांनी घरी वाढवलं, तर त्याच्या खर्चाला सरकार दर महिन्याला पैसे देतं, बालसंगोपन योजना म्हणतात तिला. माझं डोकंच फिरलं. "सख्ख्या भैनीच्या पोरीला भाकरी घालायचं भाडं घेऊ काय मी?" बाईंना माझ्यासारख्या आया रोज भेटत असणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "पैसे राहू द्या. पण ही मुलगी तुमच्याकडे राहते, असा एक तरी कागद आहे का तुमच्याजवळ? मूल कुणाकडे राहणार ते पालघरची बालकल्याण समिती ठरवते. त्यांची माणसं घर बघायला येतात. घर योग्य वाटलं तर तुमच्याकडे, नाही वाटलं तर बालगृहात."

बालगृह म्हटल्याबरोबर मी अर्ज कुठे मिळतो ते विचारलं. पैसे गेले खड्ड्यात, असं मी म्हणणार नाही, कारण वह्या, गणवेश, तिचं दर महिन्याचं खोकल्याचं औषध हे सगळं डब्यांवर भागवता भागवता नाकी नऊ येत होते. पण झोप उडाली ती त्या कागदापायी. कुणी परका माणूस घरी येणार, चार भिंती बघणार आणि पोर ठेवायची की न्यायची ते ठरवणार.

मग सुरू झाली कागदांची जत्रा. बहिणीचा मृत्यूचा दाखला, तिच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पोरीचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आमचं रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पोरीच्या आणि माझ्या नावाचं बँकेतलं खातं. शिवाय घरासमोर उभं राहून पोरीसोबत फोटो. त्या फोटोसाठी नवरा आम्हा दोघींना ओळीत उभं करून पाच मिनिटं "जरा दुःखी दिसा, जरा दुःखी दिसा" करत होता. शेवटी मी त्याला अशी शिवी घातली की पोर खुदकन हसली, आणि अर्जावर तोच फोटो लागला. मी तोंड उघडून ओरडतेय, पोर हसतेय, मागे वाळत घातलेले बोंबील.

पहिली खेप दाखल्याची झेरॉक्स नेली म्हणून परत, दुसरी खेप मूळ दाखला नेला आणि झेरॉक्स नेली नाही म्हणून परत. एकदा तर पोरीच्या बापाच्या दाखल्यासाठी माकुणसारला गेले, कारण त्याचं मूळ गाव ते. तिथे कळलं की मृत्यूची नोंद तो जिथे गेला तिथे असते, जिथला होता तिथे नसते. हे मला आधी कुणी सांगायला काय झालं होतं? प्रत्येक खेपेला पोर सोबत. मी बाकावर बसून मोठ्याने कपाळ बडवायचे, "मंजूर झालं तर बरं, नायतर काय खरं नाय!" आणि ती माझी पिशवी मांडीवर धरून ऐकायची.

ऑक्टोबरात फोन आला, समितीकडून एक मॅडम उद्या अकरा वाजता गृहभेटीला येणार. त्या दिवसांत अंगाची नुसती लाही होत होती. संध्याकाळी आमची शेजारीण आली. उत्तर प्रदेशातली, दहा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहतेय, आम्ही सगळे तिला भाभी म्हणतो. स्वभावाने देवमाणूस, आणि सल्ला देण्यात तर तिचा हात कुणी धरणार नाही. "दीदी, फ्रिज देखेगी ना, फॉर्म सीधा कचरे में," ती म्हणाली. "बोलेगी, इनको पैसा किसलिए?" मला पटलं. आईची शिलाई मशीन डोळ्यांसमोर आली.

सकाळी नवरा रात्रपाळी करून आला तो तसाच कामाला लागला. आधी फ्रिज ढकलत भाभीकडे नेला. भाभीचं घर पक्कं शाकाहारी, आणि फ्रिजमध्ये पापलेट, कोळंबी, वर बर्फाच्या कप्प्यात मांदेली. भाभीने नाकाला पदर लावला. "मछली तो निकालो पहले!"

"निकाल के रखू किधर, डोक्यावर?" मी म्हटलं.

तिने मुकाट्याने फ्रिजवर दोन उदबत्त्या लावल्या. मग टीव्ही गेला, मिक्सर गेला. मिक्सर पोरीनेच उचलला होता. दारात थांबून तिने विचारलं, "मावशी, मॅडम काय काय घेऊन जाणार?"

"काय नाय नेणार. बघून जाणार," मी घाईत म्हटलं, आणि चादर जुनी अंथरायला धावले. जुनी म्हणजे डब्यांना गुंडाळायची, हळदीचे डाग पडलेली. परत येऊन बघते तर नवरा स्टुलावर उभा आणि छताचा पंखा त्याच्या हातात.

"अरे, पंखा का काढला?"

"काम करायचं तर पुरतं करावं," असं म्हणून त्याने पंखा माळ्यावर ठेवला. हीच ती अठरावी.

अकराला मॅडम आल्या. पंचविशीची पोरगी, मराठवाड्याकडची, खांद्याला पिशवी, हातात फाइल. बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. दोन मिनिटांत तिच्या कपाळावरून घाम गळ्यापर्यंत ओघळला. तिने वर पाहिलं. छताला नुसता हूक, त्यातून दोन वायरी लोंबतायत. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं. सगळी भिंत धुरकट, मधोमध एक चौकोन पांढराशुभ्र. मग जमिनीकडे पाहिलं. ओट्याशेजारी फरशीवर फ्रिजच्या चार पायांचे चार ठसे. ती फाइलीत लिहू लागली. चोराच्या मनात चांदणं! तिचा पेन हलला की मला वाटायचं, हिने चोरीच नोंदवली.

"खेळती हवा आहे का?" तिने विचारलं.

"हाय ना," मी म्हटलं, आणि पदराने वारा घेतला.

"अन्न टिकवायची काही सोय?"

"आमी रोजचं रोज ताजं करतो."

"मुलीला अभ्यासाला जागा? झोपायला? डास असतात इथे, पंख्याशिवाय ती झोपते कशी?"

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी विचारलं, "मॅडम, गरीब असलं की मंजूर होतं ना?"

तिने पेन खाली ठेवला. "ताई, गरीब असण्याबद्दल काही नाही. उत्पन्नाचा दाखला तुम्ही दिलाय, तो बास आहे. मी बघायला आले ते मुलीला इथे नीट राहता येतं का ते. या उकाड्यात पंखा नसलेल्या खोलीत मूल ठेवलंय, असं मला लिहावं लागलं तर समिती काय म्हणेल?"

देवा रे देवा! पेपर वेगळाच होता आणि आम्ही सकाळपासून भलत्याच विषयाची कॉपी करून बसलो होतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. घाबरले की मला एकच गोष्ट सुचते, आणि आमच्याकडच्या कुठल्याही बाईला तीच सुचते. मी म्हटलं, "मॅडम, जेवून जावा."

"नाही ताई, आम्हाला चालत नाही."

"चालत नाय काय? दारातनं पाहुणी उपाशी गेली तर माझी आई वरनं येऊन मारील मला." आणि पोरीला म्हटलं, "जा बाय, दोन पापलेट घेऊन ये."

पोर जागची हलेना. मी डोळे वटारले. तिने बिचारीने एकदा माझ्याकडे, एकदा मॅडमकडे पाहिलं आणि खरं ते बोलली. "फ्रिजातलं ना? पण फ्रिज तर आपण भाभीकडं लपवलाय."

पितळ असं उघडं पडलं. मग मीच उठले. आता लाज तर गेलीच होती, निदान पोर तरी जायला नको. "ए, आण रे सगळं परत!" म्हणून नवऱ्यावर ओरडले. पुढची दहा मिनिटं मॅडम त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोरून आमचा संसार एकेक करून आत येत होता. पुढून नवरा फ्रिज ओढतोय, मागून भाभी ढकलतेय, "ले जाओ, ले जाओ, मेरा घर समुंदर हो गया!" फ्रिजवर उदबत्ती अजून जळतेय. मग टीव्ही, मग मिक्सर. मग नवरा स्टुलावर चढला आणि पंखा लावून झाल्यावर त्याने कॉलेजातल्या प्रयोगासारखं बटण दाबलं. पंखा फिरला. मॅडमची फाइल उडाली, कागद खोलीभर.

कागद गोळा करता करता ती हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, "गेल्या आठवड्यात एका घरात शेजाऱ्यांचा सोफा आणून ठेवला होता. जाताना शेजारी न्यायला आले. तुमच्यासारखं उलटं मी पहिल्यांदाच बघतेय." आणि आधीचं लिहिलेलं खोडून तिने नव्याने सगळं लिहिलं.

पापलेट तळताना वास सुटला तसं तिचं 'चालत नाही' जरा सैल झालं. चवीपुरता एक तुकडा घेते म्हणाली. पण घाटावरची पोरगी, काट्याला भ्यायली. तेव्हा आमच्या पोरीने तिच्या शेजारी मांडी घातली, बोटांनी अख्खा काटा सरळ उपसून काढला आणि मऊ मांस तिच्या बशीत ठेवलं. दोघी काहीतरी हळूहळू बोलत होत्या. मी ओट्यापाशी, तेलाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

निघताना मॅडम दारात थांबल्या. "अहवाल चांगला देते. पण तुम्ही तिच्याशी बोला."

"रोज बोलते की!" मी म्हटलं. "गल्लीला विचारा, माझं तोंड बंद असतं का कधी?"

"तुम्ही बोलता ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "ती काय बोलते ते ऐका."

मला रागच आला. कालची पोरगी, लग्न नाही, मूल नाही, मला शिकवतेय. असा राग आला की दुपारचे चार डबे खारट झाले.

थंडीत समितीपुढे बोलावणं आलं. पालघरला, जिल्ह्याच्या मोठ्या इमारतीत. या खेपेला मी काही लपवलं नाही. उलट फ्रिजची पावती नेली, पंख्याची नेली, विजेचं बिल नेलं. आत टेबलामागे चार-पाच माणसं, मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, त्यांचा शब्द शेवटचा दिसत होता. त्यांनी विचारलं, "मुलीला का ठेवायचंय?" मी जे सुरू केलं ते बहिणीच्या लहानपणापासून. तिला मी कडेवर कशी वागवली, लग्नात कोण रुसलं, पोरीला खोकला कधी होतो, पोरीचं गणित कसं चांगलं आहे. मध्ये फ्रिजची पावती टेबलावर ठेवली. त्या बाईंनी ती वाचून परत दिली आणि म्हणाल्या, "कळलं, ताई. आता तुम्ही दोघं बाहेर बसा. आम्ही तिच्याशी एकटीशी बोलतो."

पैशांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मंजूर झाले. येतात. आपल्या चालीने येतात, कधी लवकर, कधी सवडीने. त्यातून तिला पहिल्यांदा चष्मा केला, कारण गणित चांगलं असलं तरी फळ्यावरचं दिसत नव्हतं हे आम्हाला उशिरा कळलं.

पण त्या दिवशी बाकावर बसले होते तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. दार बंद. आत माझी पोर, आणि मी बाहेर. नवरा खिशातली तंबाखूची पुडी काढायचा, भिंतीवरची 'तंबाखू खाण्यास मनाई' पाटी वाचायचा, परत ठेवायचा. ती आत काय बोलेल? मी ओरडते म्हणेल? फ्रिज लपवला म्हणेल? बालगृहातच बरं, असं म्हणाली तर? मी एडवणच्या देवीला नारळ बोलले, मग दोन बोलले, मग पाचावर गेले.

दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या बाईंनीच. मला एकटीला बाजूला घेतलं. "आदेश देतोय तुम्हाला, काळजी करू नका," त्या म्हणाल्या. मी हात जोडायला गेले तर त्यांनी माझे हात धरले. "पण एक सांगते. शेवटी आम्ही तिला म्हटलं, तुला आम्हाला काही विचारायचंय का? आम्हाला वाटलं, शाळेबद्दल विचारेल. तिने विचारलं, 'पैसे मंजूर झाले नाय, तरी मी मावशीकडं राहू शकते का?'"

मी बोटांवर महिने मोजले. नऊ महिने. नऊ महिने ती माझ्या घरात पाहुण्यासारखी, पाय आखडून राहत होती, आणि मी तिला गुणी म्हणून मिरवत होते. तहसीलला, बँकेत, बाकाबाकावर 'मंजूर झालं तर' म्हणून मी कपाळ बडवलं, आणि ती शेजारी बसून तेवढंच ऐकत राहिली. सगळ्या गल्लीला मी सांगितलं की ही आमची. तिला सांगायचं राहूनच गेलं. अगदी खरं सांगते, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ती दारातून बाहेर आली, दोन्ही हात मागे घेऊन. मला रडायचं होतं, पण माझ्या तोंडाला ती सवय नाही. मी ओरडलेच. "अगं, हे त्यांना काय विचारतेस? मला विचारायचं होतंस ना!"

"तू रागावली असतीस," ती म्हणाली.

"रागावलेच असते! असं कुणी विचारतं?"

"म्हणून नाय विचारलं."

नवरा मध्ये पडायला उठला, मी त्याला हातानेच बसवलं. पोर माझ्याकडे बघत होती. आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "मग आता सांग ना!"

सांगितलं. खाली बसून, तिचे दोन्ही दंड धरून, पालघरच्या त्या गार फरशीवर सांगितलं, की पैसे येवोत नाहीतर खड्ड्यात जावोत, तू कुठेही जाणार नाहीस. तिला पटलं नाही. ती म्हणाली, "परत सांग." परत सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज एवढा चढला, की टोकाच्या खोलीतून शिपाई धावत आला, "ओ बाई, काय चाललंय, ऑफिस आहे हे!"

मी त्यालाही सांगितलं.